साहेब खुर्चीत शांत बसतो

मंगळवार, ता. ९
दुपारी, सलूनमधून

चि. चिमीस,

दादाचा आशीर्वाद. पाकीट जाड बघून घाबरू नकोस. घाबरायला मी एकटा पुरेसा आहे.

मेव्हण्यांचे गुडघे कसे आहेत? तुझ्या सुनेला नोकरी लागल्याचं फोनवर कळलं, बरं वाटलं. आता दोन खोल्यांत तुम्हा पाच जणांची सकाळ कशी उरकते कोण जाणे. त्या दिवशी फोनवर मी धड बोललो नाही, राग मानू नकोस. साहेब शेजारी उभा होता. त्याची खोड तुला माहीत आहे, कुणाच्याही बोलण्यातला शेवटचा शब्द उचलायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. मध्ये मी औषधवाल्याला विचारलं, "या गोळ्यांनी माणूस मरत तर नाही ना?" तर दिवसभर सलूनमध्ये "नाही ना, नाही ना" चाललं होतं. "मरत" हा शब्द मध्येच अडकला म्हणून वाचलो. तेव्हा फोनवर मी "सगळं ठीक" एवढंच म्हणतो. खरं काय ते लिहूनच सांगावं लागणार.

साहेबाच्या दोन्ही किडन्या गेल्या.

वरची ओळ लिहून उठलो, शटरचं कुलूप ओढून बघितलं, परत बसलो. शटर अर्धं उघडंच आहे, कुलूप कसलं बघायचं! पण हल्ली असं होतं.

दोनेक महिने त्याचे पाय सुजत होते. मला वाटलं, दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत सोडून बसतो म्हणून असेल. मग अंग खाजवायला लागला, जेवण टाकलं, समोर ठेवलेलं ताट ढकलून द्यायला लागला. साहेब आणि ताट ढकलतो! तेव्हा त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे लिहून घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" मी "साहेब" सांगून बसलो. गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव, खुर्ची अडवून बसतो म्हणून, पण आता खरं नाव मलाच आठवून सांगावं लागतं. "वय?" म्हटलं, साठ. "समज?" म्हटलं, पाचाची. ती म्हणाली, "सोबत कोण?" म्हटलं, भाऊ. "वय?" म्हटलं, पंचाहत्तर. तिनं लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. का बघितलं कोण जाणे.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. आता मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, आणि ते कायमचं. तसं केलं तर काही वर्षं जगेल. नाही केलं तर काही आठवडे, फार तर दोनेक महिने, पण त्रास कमी व्हावा म्हणून औषधं देतील. "काका, त्यांना स्वतःला ठरवता येणार नाही. तुम्हीच त्यांचे पालक, निर्णय तुमचा," त्या म्हणाल्या. "तुमचा," साहेब म्हणाला.

त्यांनी मानेत एक नळी घातली आणि काल पहिल्यांदा मशीनला लावलं. चिमे, ते लिहवत नाही. मशीन वाजायला लागल्याबरोबर तो उठला. दोघांनी धरला. त्यानं नळीला हात घातला, तेव्हा त्याचे हात पलंगाला बांधले. मऊ पट्ट्या होत्या, मी हात लावून बघितलं, पण बांधलेलं ते बांधलेलं. तो ओरडत होता, आणि माझ्याकडे बघून ओरडत होता. मला बाहेर बसवलं. थोड्याच वेळात मशीन बंद करावं लागलं. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "बसणार नसतील तर हे असं दर खेपेला बांधून करणं मलाही बरोबर वाटत नाही. गुरुवारी या, विचार करून सांगा."

विचार काय करायचा? तो बसणार नाही. साठ वर्षांच्या माणसाला आठवड्यातून तीनदा बांधून ठेवायचं का? मी कसाई नाही. गुरुवारी जाऊन नळी काढून आणतो. जे काही दिवस असतील ते घरात, आपल्या माणसांत जातील. आपल्या माणसांत म्हणजे माझ्यात.

ही असती तर तिनंच ठरवलं असतं आणि मी नुसती मान हलवली असती. आता मान हलवायलाही कुणी समोर नाही. म्हणून तुला लिहितोय. "दादा, बरोबर केलंस" एवढी एक ओळ पाठव, बस.

सध्या तो समोर खुर्चीत आहे. नळीवरच्या पट्टीला हात लावतो म्हणून अंगावर कापड टाकून ठेवलंय. मी लिहायला बसलो तेव्हापासून हललेला नाही. मध्ये एक गिऱ्हाईक डोकावलं आणि म्हणालं, "साहेब उठले की बोलवा." मी म्हटलं, आज उठायचे नाहीत.

कळव.

तुझा,
दादा


रविवार, ता. १४
सलूनमधून

चिमे,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. नको, फाडू नकोस, पण त्यातली ओळ मला पाठवू नकोस. लिहून ठेवली असलीस तरी पाठवू नकोस.

गुरुवारी मी "नको" सांगायलाच गेलो होतो. वाटेत तेच घोकत होतो, बोलताना अडखळायला नको म्हणून. साहेबाला पलंगावर बसवलं. पट्टी सोडायला सिस्टर आली. पोक्त बाई, सगळ्यांवर ओरडते आणि सगळ्यांची कामं करते. पट्टी सोडता सोडता तिनं सहज विचारलं, "काय हो काका, हे घरी तरी कुठे स्वस्थ बसतात का?"

"माझ्या खुर्चीत बसतो की. अंगावर कापड टाकलं की तासन् तास हलत नाही."

बोलून गेलो आणि जीभ चावली.

सिस्टरचा हात थांबला. "मग आणा की ते कापड."

"कापड," साहेब म्हणाला.

सलून तिथून तसं जवळच. गेलो. वाटेत मनात आलं, सांगावं सापडलं नाही म्हणून. चिमे, हे मनात आलं, ते मी इथे लिहून ठेवतोय. कापड नेहमीच्या खिळ्याला लटकत होतं. पुढे नेहमीची कात्री. दोन्ही घेतलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं, अर्ध्या वाटेवरून परत येऊन पुन्हा ओढून बघितलं.

मशीनच्या खोलीत ओळीनं खुर्च्या आहेत, मागे रेलता येतं अशा. माझ्या खुर्चीपेक्षा चांगल्याच. साहेबाला त्यातल्या एकीत बसवलं. गिऱ्हाइकासमोर झटकतात तसं कापड दोनदा झटकलं. सिस्टर ओरडली, "मान झाकायची नाही, मला नळी दिसली पाहिजे!" मग ते दुमडून एका खांद्यावरून घेतलं आणि गाठ डाव्या बाजूला मारली, सैल. मग रोज विचारतो तसं विचारलं, "कसे कापू, साहेब? बारीक की मध्यम?"

"मध्यम," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

सिस्टर नळी जोडत होती तेव्हा मी त्याच्या कानाजवळ रिकामी कात्री वाजवत राहिलो. मशीन सुरू झालं. त्याची एक पापणी हलली. मी कात्री वाजवतच होतो. शेजारच्या खुर्चीतले एक म्हातारे गृहस्थ, त्यांचंही रक्त धुणं चाललं होतं, म्हणाले, "त्यांचं झालं की माझेही करा, पण माझे बारीक." सगळे हसले. साहेब "बारीक" म्हणाला आणि झोपला. हात दुखून आला तेव्हा मी कात्री खाली ठेवली. तो जागा झाला नाही. कुणी त्याला बांधला नव्हता.

बाई येऊन बघून गेल्या. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही तर कमाल केलीत." त्यांना वाटलं, आनंदानं डोळे भरलेत. त्यांनी मला चहा पाजला.

काल शनिवारी पुन्हा तसंच. कापड, कात्री, मध्यम, झोप. परत येताना आम्ही रिक्षात बसलो होतो. मी काही बोलत नव्हतो, रिक्षावालाही गप्प होता. आणि साहेब म्हणाला, "भूक लागली."

तू त्याला ओळखतेस म्हणून तुला सांगतो. हा शब्द त्याच्या आधी कुणी उच्चारला नव्हता. ना मी, ना रिक्षावाल्यानं. कुणाचा उचललेला नव्हता, त्याचा स्वतःचा होता. वर्षात असे चारदोन निघतात त्याच्याकडून. घरी आल्यावर ताटातलं सगळं संपवलं, माझ्या ताटातलंही घेतलं, आणि माझ्याकडे बघून हसला. मी उठून दाराचं कुलूप ओढून बघितलं.

आता खरं लिहितो. हात कापतोय, अक्षर लावून वाच.

हात हल्ली कापतोच. गिऱ्हाइकं मला दुखवत नाहीत, पण दाढीचं नाव काढत नाहीत. "फक्त केस," म्हणतात. वस्तरा फक्त साहेबाच्या गालावर चालतो, कारण त्याला हाताचं काही कळत नाही. तो मान वर करून देतो. आता तर तिथे नळी आहे. रोज सकाळी मी वस्तरा दोनदा खाली ठेवतो, पुन्हा उचलतो आणि तो मजेत गाल फुगवून बसतो.

मागल्या पत्रात मी लिहिलं की त्याचे हाल बघवत नाहीत म्हणून नको म्हणणार. हाल खोटे नव्हते. पण त्यांच्या खाली दुसरं एक होतं. आई शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून पुटपुटायची ते तूही ऐकलंयस, "देवा, माझ्याआधी याला ने." तिचं देवानं ऐकलं नाही. ती गेली, आणि तिचं मागणं मी उचललं, साहेब शब्द उचलतो तसं. रोज दिवा मालवताना म्हणतो, आधी तो, मग मी. एका दिवसाचं अंतर असलं तरी चालेल. आणि बाई म्हणाल्या "काही आठवडे", तेव्हा रडायच्या आधी मला सुटल्यासारखं झालं. माझ्या भावाचं मरण ऐकून मला सुटल्यासारखं झालं, चिमे. म्हणून मी नको म्हणत होतो. तो बसत नाही म्हणून नव्हे. तो बसेल या भीतीनं.

आता तो बसला. आता तो जगेल. आणि मी?

काल संध्याकाळी मी त्यालाच विचारलं. खुळेपणा, पण विचारलं. "साहेब, मशीन की घर?" तो म्हणाला, "घर." मला वाटलं, संपलं, त्यानंच सांगितलं. मग माझंच मन मला खायला लागलं, आणि उलटं विचारलं, "घर की मशीन?" "मशीन." असं कितीतरी वेळ आम्ही दोघं बसलो होतो. शेवटी तो कंटाळला आणि खुर्चीवर चढून बसला.

मग लक्षात आलं की मी विचारायच्या आधीच तो सांगून गेलाय. रिक्षात.

उद्या सोमवारी बाईंना "हो" सांगणार आहे. मग हाताची शीर जोडायचं लहानसं ऑपरेशन करतील, म्हणजे मानेतली नळी निघेल. भुलीतून उठेल ना, हात फुगेल का, कापड चुकून आवळलं तर, मी रस्त्यात पडलो तर त्याला घरी कोण नेईल, या सगळ्याची भीती वाटते. "हो"ची भीती वाटते आणि "नको"चीही. पण भूक लागलेल्या माणसाला मी उपाशी ठेवू शकत नाही.

आईच्या दिवसांत तू मला विचारलं होतंस, "दादा, तुझ्यानंतर काय रे?" मी म्हटलं होतं, "मी कुठे जातोय? साहेब रजा देतील तर ना!" सगळे हसले. तू हसली नव्हतीस. तोच प्रश्न आता मी तुला विचारतो. तुझ्या दोन खोल्या मला माहीत आहेत, मेव्हण्यांचे गुडघे माहीत आहेत, तुझं वय माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? लहानपणी तो अंगावर धावून आला की तू माझ्या मागे लपायचीस, तेही आठवतं. तरी विचारतो. सगळं घेऊ नकोस. एकदा ये आणि कापड कसं टाकायचं ते शिकून जा. दोनदा झटकायचं. गाठ डाव्या बाजूला, सैल. बारीक आधी म्हणायचं, मध्यम नंतर. एवढं माझ्याखेरीज आणखी एका माणसाला येत असलं, तर मी झोपेन.

पत्रानं उत्तर देऊ नकोस, पत्र उघडायची माझी छाती व्हायची नाही. फोन कर. मी तो उचलून त्याच्या कानाशी धरीन आणि स्वतः बाजूला उभा राहीन. मग तो काय म्हणतो ते ऐकेन. तू जे शेवटी बोलशील तेच तो दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत बसेल, आणि मला ते ऐकत काम करावं लागेल. म्हणून तेवढा शब्द जपून बोल.

त्यानं आत्ता मान वर करून दिलीय. दाढी राहिलीय. उठतो.

तुमच्या दोघांचा,
भित्रा दादा