अडीच मीटरची लाट

बाबा, काल मी ऑफिसच्या फोनवरून एका कप्तानाला तुमच्या शिव्या दिल्या. तुमच्याच, त्याच क्रमाने, सुरुवात त्याच्या आईपासून. सिंगापूरमधल्या वन-नॉर्थच्या त्या गारठलेल्या ऑफिसात सगळ्यांची बोटं कीबोर्डवर थबकली. तुम्ही टगबोटीवर ओरडायचात तेव्हा खलाशी निदान कामाला तरी लागायचे.

माझं हे काम तुम्ही पाहिलं नाहीत. पश्चिमेला बेटांची एक लांब माळ आहे. तिथल्या बोटींना पुढच्या दोन दिवसांचा वारा आणि लाटा मी इथे बसून कळवते. कालच्या अंदाजात लाट अडीच मीटर होती. हा कप्तान आपल्या मालवणकडचा. म्हणाला, "मॅडम, माझी बोट अडीच मीटरपर्यंत चालते. तुमचा आकडा पण अडीचच. मग सोडू ना दोर? माणसं चढून बसलीयत, कोंबड्यासुद्धा." अडीच म्हणजे मोठ्या लाटांची सरासरी, मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट येते, हे मी त्याला नीट समजावलं. "निघू नका" म्हणायची आम्हाला परवानगी नाही. आम्ही आकडा द्यायचा, निर्णय कप्तानाचा. तो हसला. "मी काय काल समुद्रावर आलोय?" माझ्या पडद्यावर ढगांची लालभडक रांग त्याच्याच बेटाकडे सरकत होती. फोनवर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि माझं डोकंच फिरलं.

तो आवाज मला ओळखीचा होता. शाळेला सुट्टी आहे, तुम्ही मला टगवर घेऊन आला आहात. सुमात्राकडून येणारं ते सकाळचं वादळ आपल्याला गाठतं. पाऊस आडवा झोडपतोय, मागे ओढत आणलेली बार्ज उसळतेय, आणि मी ताणलेल्या दोरखंडाजवळ मजा बघत उभी. तुम्ही हाक मारत नाही. कानाखाली अशी बसते की मी डेकवर घसरत जाते, तोंडात रक्त. त्याच क्षणी दोरखंड तुटतो आणि मी उभी होते तिथला लोखंडी कठडा वाकवून जातो. पलीकडे उभ्या खलाशाचा पाय गुडघ्याखाली उरत नाही. त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. घरी, जुरोंगच्या फ्लॅटमध्ये, आई माझ्या गालाला बर्फ लावत होती आणि तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "समुद्रावर समजावत बसलं की माणूस मरतं."

खरं आहे. पण बाबा, आपल्या स्वयंपाकघरात कुठला दोर ताणलेला होता? भात करपला म्हणून, मार्क कमी पडले म्हणून, आईने उलट उत्तर दिलं म्हणून तुमचा हात उठायचा. आणि आई, स्वतःचे डोळे पुसत, दर वेळी मलाच सांगायची, "त्याच हाताने तुला वाचवलंय." एका थपडेच्या पुण्याईवर तुम्ही जन्मभर मारत राहिलात. मला त्याचा अजून संताप येतो.

काल त्या कप्तानाने दोर सोडले नाहीत. माणसं उतरवली, कोंबड्या उतरवल्या. थोड्याच वेळात वादळ धक्क्यावर आदळलं. एका लाटेने रिकामी बोट उचलून काँक्रीटवर आपटली. केबिन चेपली, तळ फाटला. संध्याकाळी त्याचा फोन आला, बोलण्यापेक्षा रडतच जास्त होता. माझी इथली बॉस तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "क्लायंटला स्कोल्ड कॅनॉट, लाह," आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. आज सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतायत. मी किती माणसं वाचवली, हेच चाललंय.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं. पुढचं वाचून तुम्ही खूश झाला असतात, आणि ते मला नकोय. कप्तान पहिल्या शिवीलाच घाबरला होता. "उतरवतो, मॅडम, उतरवतो," असं त्याने स्पष्ट म्हटलं होतं. इंजिनही बंद झालं होतं. त्यानंतरही मी थांबले नाही. फार बरं वाटत होतं, बाबा.