सिंधूचा फोटो

८ सप्टेंबर २००३, लातूर
नांदेडहून सकाळच्या एसटीने आले. नोकरी मिळाली! संगप्पांच्या प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर, पेजमेकरमध्ये, पानं लावायची. धंदा मुख्यतः कोचिंग क्लासच्या नोट्सचा. त्यांचा मुलगा अमरनाथही अकरावीच्या क्लासला जातो. त्यांच्या बायकोने, दानम्माकाकूंनी, धपाटे, दही दिलं. मशीनवर माणिकप्पा, मोजकं बोलणारे.

मला पहिलंच काम मनासारखं मिळालं. भूकंपाला तीस तारखेला दहा वर्षं होतील. संगप्पांच्या गावातल्या गेलेल्या माणसांची स्मरणिका काढायची आहे. प्रत्येकाचा फोटो आणि चार ओळी. सुरुवातीला संगप्पांचं मनोगत.

११ सप्टेंबर
एक फोटो जागेवर राहत नाही. सिंधू, सात वर्षांची, संगप्पांच्या भावाची मुलगी. चूक माझीच असेल. फोटो पानावर सुटा ठेवला की मजकूर सरकतो आणि फोटो मागे राहतो. पण हा पंचवीस पानं मागे, मनोगतात जाऊन बसला होता. “ढिगाऱ्यातून एकही आवाज येत नव्हता” या वाक्याला अगदी खेटून.

१३ सप्टेंबर
आज तिच्या नावापुढे कर्सर ठेवून फोटो तिथेच पेस्ट केला. असं केलं की फोटो अक्षरासारखा ओळीत बसतो, ओळ सरकेल तिकडे जातो. आता सुटायचा नाही.

१५ सप्टेंबर
सुटला नाही. आपल्या चारही ओळी घेऊन मनोगतात गेला. त्याच वाक्याखाली.

माणिकप्पांचा संशय आला. त्यांना विचारलं, तर म्हणाले, त्या डब्याला मी हातबी लावत न्हाई.

१८ सप्टेंबर
कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. कुणाला सांगितला नाही. तरी आज सिंधूच्या ओळींत मृत्यूची तारीख बदललेली. मी ३० सप्टेंबर टाइप केलं होतं, हस्तलिखितातही तेच आहे. पडद्यावर ३ ऑक्टोबर, दुपार.

दुरुस्त केलं. जेवून आले तर पुन्हा ३ ऑक्टोबर.

२२ सप्टेंबर
संगप्पा प्रेसमध्ये नव्हते, म्हणून दानम्माकाकूंना प्रूफ दाखवलं. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि खालीच बसल्या. मग हळूहळू सांगितलं. सिंधू तीन दिवस हाका मारत होती. अमरनाथ पलीकडच्या भिंतीखाली होता. जवान आले तेव्हा माणसं थोडी होती, एकाच जागी खणता आलं असतं. संगप्पांनी सिंधूच्या जागेकडे हात करून सांगितलं, तिथं कुणी न्हाई.

अमरनाथ जिवंत निघाला. काकू म्हणाल्या, “मी आई हाय गं. मीबी गप्प बसले.”

२६ सप्टेंबर
संगप्पांना प्रूफ सापडलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं, एवढंच विचारत राहिले. मी बदलते असं त्यांना वाटतंय. काकूंचं नाव मी घेतलं नाही. तरी संध्याकाळच्या गाडीने संगप्पांनी काकूंना उदगीरला माहेरी पाठवलं.

२८ सप्टेंबर
आता फक्त तिची ओळ नाही. सगळ्याच पानांवर तोच फोटो. प्रत्येक नावापुढे सिंधू. पुसते — परत येते —

माणिकप्पांना सुटी दिली आहे. का?

२९ सप्टेंबर
उद्या सोडून जायचं ठरवलं. संगप्पा म्हणाले, शेवटचं प्रूफ देऊन जा. आवाज अगदी मऊ.

३० सप्टेंबर, दुपार
शटर बाहेरून ओढलं. कुलूपही. मी आत आहे हे माहीत असून —

वीज गेली. पडद्याच्या उजेडात लिहितेय, यूपीएसची बॅटरी किती टिकेल माहीत नाही. ओरडून घसा बसला.

बाहेर माणसं आलीत. गावची. स्मरणिका न्यायला. मी आतून शटर बडवलं. कुणीतरी विचारलं, आत कोण हाय.

संगप्पा म्हणाले, “कुणी न्हाई. उंदरं हायती.”

माणसं परत निघाली —

थांबली. कारण आतून हाक गेली, स्पष्ट, लहान मुलीची — काका —

मी तोंडच उघडलं नव्ह