सकाळी सहा ते सात, घरीच

२ मार्च
ठरलं. पुन्हा प्रोफेशनल टेनिस. वय एक्केचाळीस, पण गुडघा सोडला तर सगळं विशीतलं. नियम असा की परतायचं तर सहा महिने आधीपासून डोपिंग तपासणीला हजर राहायचं. रोजचा एक तास कळवायचा. त्या तासात अधिकारी न सांगता घरी येतात, लघवीचा नमुना नेतात. मी सहा ते सात दिलाय. ही माणसं खऱ्या खेळाडूच्याच दारात येतात.

३ मार्च, ७.१०
आले नाहीत. उठल्यापासून रोखून धरली होती. चॅम्पियनला संयम हवाच.

११ मार्च
नाहीत. सासूबाई म्हणाल्या, अगं बाई, जाऊन ये एकदाची, तोंड बघ कसं झालंय. त्यांना खेळातलं काय कळतंय!

१९ मार्च, ६.२०
बेल! खालच्या मजल्यावरची शेजारीण. तुमचा पाइप गळतोय म्हणाली. गळण्याचा विषय आत्ता नको म्हटलं.

२ एप्रिल
बॉल मशीनसमोर सराव. मशीनच आधी दमलं. नवरा म्हणतो, वायर माझ्या पायात अडकून निघाली. असेल.

१८ एप्रिल
लेक ज्युनियर स्पर्धेच्या फायनलला पोचली. बाहेरगावी आहे. आई, ये ना, म्हणाली. सकाळी घर कसं सोडणार? बॅकहँड सांभाळ, एवढं फोनवर सांगितलं.

२० एप्रिल
जिंकली म्हणे. आल्यापासून जेवतानाही मोबाइलवर काहीतरी भरत असते. मैत्रिणी, दुसरं काय! नवऱ्याने फायनलचे फोटो दाखवले. उद्या नीट बघेन.

२३ मे, ६.१०
बेल. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या बाई. मी म्हटलं, या, मी तयार आहे. त्यांनी नाव वाचलं. लेकीचं. मोबाइलवर ती हाच तास भरत होती तर.
लेक डोळे चोळत बाथरूममधून आली. नुकतीच जाऊन. आता पाणी पीत बसा. मी म्हटलं, माझा घ्या ना, भरपूर आहे. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, ताई, तुमचं नाव आहे आमच्याकडे, पण गरज पडली तर येऊ. तुम्ही अगदी निवांत राहा.
लेक लहान, म्हणून घरचं कुणीतरी सोबत लागतं. मी बसले. दोन ग्लास झाले तरी काही नाही. मग तीच म्हणाली, आई, तोवर फायनल सांगू?
तिने पहिल्या पॉइंटपासून सांगितली. शेवटचा बॅकहँडवर होता.

७.५०
बाई नमुना घेऊन गेल्या. दार लावलं आणि मी जाऊन आले.