न छाटलेल्या तीन वावळांबाबत

प्रति,
मा. तालुका वृक्ष अधिकारी,
वृक्ष परवानगी कक्ष, जुन्नर, जि. पुणे

अर्जदार : सौ. साळुबाई यमाजी शिंगाडे, मु. गारमाळ, पो. ओतूर, ता. जुन्नर
लेखनिक : तेजस्विनी (अर्जदाराची मुलगी, अर्जदार सांगेल तसे लिहीत आहे)

विषय : गायरानातील वावळाची तीन झाडे बुडापासून तोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचा पाहणी अहवाल. शेरा, "तक्रारीत तथ्य आढळले नाही."

महोदय,

१. अर्जदाराचे घर गायरानाला लागून असून घराच्या उत्तरेस वावळाची तीन जुनी झाडे आहेत. थंडी सरताना वावळाची पाने गळतात आणि नागड्या फांद्यांवर बारीक, मातकट फुलोरा येतो. त्या फुलोऱ्याचे परागकण डोळ्यांना दिसत नाहीत, पण अर्जदाराच्या छातीला ते बरोबर सापडतात. आधी डोळे चुरचुरतात, मग शिंका, मग आत गेलेला श्वास बाहेर यायला मागत नाही. ओतूरच्या डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आहे. त्यांचा कागद जोडला आहे.

२. हा त्रास दरसाल सारखा नसतो. तो थंडी कशी पडली त्यावर असतो. कडक थंडी टिकली की फुलोरा लांबतो. हिवाळा ढगाळ आणि उबदार गेला की वावळ घाई करतो आणि पौषातच फुलतो. पाऊस पडला तर हवा धुऊन निघते. पण मागून ऊन पडून उत्तरेचा कोरडा वारा सुटला की पहिल्याहून जास्त उडते. सकाळी धुके बसले तर परागकणांना वर जायला वाट राहत नाही, ते अर्जदाराच्या ओट्यावर येऊन बसतात. हे अर्जदाराच्या माहेरी सर्वांना ठाऊक आहे. पुढे याचे काम पडणार आहे, म्हणून आधीच नमूद केले.

३. आपले कर्मचारी पाहणीस आले त्याच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता. हवा काचेसारखी. अर्जदार डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन चढावर भेटली. "मावशी, तुम्हाला दम लागतो कुठं?" असे त्यांनी विचारले. "आज न्हाई लागत साहेब, परवा या," असे अर्जदाराने खरे ते सांगितले. ते हसले, चहा प्याले आणि शेरा मारून गेले. दोन दिवसांनी, संक्रांतीच्या तोंडावर, वारा सुटला. अर्जदाराला शेजारच्या पिकअपमध्ये कांद्याच्या गोण्यांवर टेकवून ओतूरच्या दवाखान्यात न्यावे लागले. कर्मचाऱ्यांवर राग नाही, त्यांनी दिसले ते लिहिले. पाऊस फितूर झाला. (असे अर्जात लिहीत नाहीत, असे लेखनिकाने सांगितले. अर्जदार म्हणते, लिही.)

४. मग इतकी वर्षे काय करत होता, असे आपण विचाराल.

इतकी वर्षे जानकू होता.

जानकू हा अर्जदाराचा धाकटा भाऊ. मेंढरे राखतो. पावसाळा पूर्वेच्या माळावर काढायचा आणि दिवाळी झाली की माळशेजचा घाट उतरून कोकणात जायचे, हा त्याचा नेम. गारमाळ वाटेवर पडते, त्यामुळे त्याने भाऊबीज कधी चुकवली नाही. ओवाळून झाले की तो विचारायचा, "ताई, ताटात काय घालू?" अर्जदार म्हणायची, "वावळ." दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोयता घेऊन तिन्ही झाडांवर चढायचा. खाली मेंढरे पाला खायची, वर छाटणी चालायची. छाटलेला वावळ त्या हिवाळ्यात फुलत नाही. दुसऱ्या बायकांना भावाकडून साड्या मिळायच्या, अर्जदाराला श्वास मिळायचा. तिने ते गावात मिरवले नाही, पण मनात गुर्मी होती.

५. यंदाच्या भाऊबीजेला जानकूने काही विचारले नाही. ताटात साडी ठेवली. हिरवी, रुंद काठाची.

"किती वर्सं पाला घेशील ताई? यंदा साडी नेस."

"आणि वावळ रं?"

"यंदा थंडी कुठंय? थंडी पडल्याबिगर वावळ फुलत नसतोय. माघात बघू की."

अर्जदाराने ऐकले. कारण साडी हातात होती आणि शेजारणी बघत होत्या. "लई गुणाचा भाऊ हाय तुजा," अंबाबाई म्हणाली. साडी संक्रांतीला नेसायची म्हणून घडी न मोडता पेटीत ठेवली. संक्रांतीला अर्जदार दवाखान्यात नाकाला नळी लावून पडली होती.

६. आता मुद्दा क्र. २ पुन्हा वाचावा, ही विनंती. थंडी नसली तर वावळ लवकर फुलतो. हे अर्जदाराला ज्याने शिकवले तो जानकूच. लहानपणी शेळ्या राखताना फांदीची कळी नखाने फोडून तो सांगायचा, यंदा कधी फुलणार. त्याच्या तोंडून उलटे ऐकताना अर्जदाराला कळायला हवे होते. (इथे लेखनिकाने चहा केला.)

७. यंदा जानकू घाट उतरला नाही. ओढ्यापलीकडे एकाने शहरातल्या पाहुण्यांसाठी हुरडा पार्टीची जागा काढली आहे. त्याला समोर डेरेदार झाडे हवी होती, मोडक्या खुंटांकडे बघत कणसे कोण खाणार? जानकूने वावळाला कोयता लावायचा नाही आणि मेंढरांना त्याच्या विहिरीचे पाणी उन्हाळाभर मिळायचे, असे ठरले. झाडे गायरानातली, शब्द जानकूचा, पाणी हुरडावाल्याचे. छाती तेवढी अर्जदाराची. हे दवाखान्यात भावजय सोनीबाईने सांगितले. "वन्सं, त्यांना काय बोलू नका. तिकडं कोकणात आता कोन चरू देत न्हाई. मेंढरं पान्यावाचून मेली असती."

आणि अर्जदार?

असे अर्जदाराने विचारले नाही. सोनीबाईने डोळ्याला पदर लावला होता.

जानकू दवाखान्यात आला नाही. अर्जदाराच्या ओट्यावरून त्याचा मेंढरांचा वाडा दिसतो. रोज सकाळी पांढऱ्या मेंढरांमागे त्याचे लाल पागोटे ओढ्याला उतरते. ते वर बघत नाही.

८. सबब मागणी :
(अ) फेरपाहणी कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी व्हावी.
(आ) थंडीने दरसाल वेळेवर व नेमाने पडावे, असा आदेश द्यावा. तो आपल्या अधिकारात नसल्यास कोणाच्या आहे ते लेखी कळवावे.
(इ) तिन्ही झाडे बुडापासून तोडण्याची परवानगी द्यावी.

९. मागणी (इ) रद्द समजावी.

कारण, लेखनिक ती मोठ्याने वाचत असताना अर्जदार म्हणाली, "झाडंच न्हाई ऱ्हायली तर तो कशाला यील?"

विषय (दुरुस्त) : जानकू यास भाऊबीजेस हजर राहण्याची नोटीस बजावणेबाबत.

१०. अर्जदार त्याला बोलावणार नाही. बोलावले तर तो साडी घेऊन येईल. तरी आपल्या शिक्क्याने त्यास कळवावे की, दरसाल दिवाळीत कोयत्यासह गारमाळ येथे हजर राहून तिन्ही वावळ छाटावेत. पाणी कोणी दिले ही सबब चालणार नाही. थंडी नाही ही सबब तर अजिबात चालणार नाही. सरकारी कागदाला तो भितो. बहिणीला भ्यायचे कारण त्याला कधी पडले नव्हते.

आपण मोठ्या हुद्द्यावर आहात, आपल्यालाही बहीण असेल. तिच्या दारात कोणते झाड आहे ते एकदा बघून यावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
साळुबाई यमाजी शिंगाडे (सही)
गारमाळ, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१. डॉक्टरांचा कागद.
२. वावळाची फुललेली डहाळी, पिशवीत बांधून. कार्यालयात पंखा चालू असताना उघडू नये.
३. हिरवी साडी, एक. घडी मोडलेली नाही. ती जानकूच्या नावे जमा करून पोच द्यावी. तो ती न्यायला आला तर त्यास थोडा वेळ बसवून ठेवावे व अर्जदारास फोन करावा. अर्जदार मिळेल त्या एसटीने येईल. काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही.