उरलेल्या कॅप्सूल

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार
सकाळी रामकुंडावर ललिताचा दहावा झाला. कावळा लवकर शिवला. घरी येऊन आंघोळ केली, जेवलो. पाठीवरच्या एका गळवाने बायको जाते, हे लोकांना पटत नाही. "शुगर होती का?" विचारतात. नव्हती.

१४ नोव्हेंबर
स्नेहलचा पुण्याहून फोन. आठवा लागला आहे. पहिलं बाळंतपण, माहेरीच येणार म्हणते. माझी मोठी बहीण अक्का घोटीहून येऊन राहिली आहे. ती म्हणाली, "आई नाय म्हून काय झालं? मी हाय ना. पुंजा, तुला साधा चहा येत नाय, डिंकाचे लाडू काय कंपनीतून वळून आणणार?"
दहा दिवसांत पहिल्यांदा हसलो. मग आत जाऊन बसलो.

१६ नोव्हेंबर
ललिताच्या पुवाचा रिपोर्ट आणला. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच तयार होता — न्यायला कोणी गेलं नव्हतं. औषधांची बारा नावं, नऊ नावांपुढे R. डॉक्टर म्हणाले, "काका, R म्हणजे या जंतूंवर ही औषधं चालत नाहीत."
त्यातली चार नावं माझ्या ओळखीची. कंपनीच्या दवाखान्यातून सात दिवसांच्या कॅप्सूल मिळायच्या. तीन दिवसांत गळू बसलं की उरलेल्या कॅप्सूल बिस्किटांच्या डब्यात. पुढच्या गळवाला त्यातल्याच दोन. कधी मला, कधी तिला. आठ-दहा वर्षं असंच. आपण काही वाया घालवत नाही, असं वाटायचं. या वेळीही आधी डब्यातल्याच दिल्या. त्यात चार दिवस गेले.

१७ नोव्हेंबर
जेवताना मागून ऐकू आलं — "अहो, जरा हळू दाबा." ललिताच्या गळवातला पू मीच काढायचो. वळून पाहिलं. अक्का भाकरी थापत होती.

१८ नोव्हेंबर
डॉक्टरांना डब्याचं सांगितलं. रागावले नाहीत. घरात बाळ येणार म्हटल्यावर म्हणाले, "हे जंतू धडधाकट माणसाच्या नाकातही राहतात. त्याला पत्ता नसतो. तुमची दोघांची तपासणी करून घेऊ." कापसाची काडी नाकात फिरवली, झालं.
"माझ्या नाकात तपकीर सापडंल," अक्का त्यांना म्हणाली.

१९ नोव्हेंबर
स्नेहल शनिवारी निघणार.

२२ नोव्हेंबर
अक्काच्या नाकात काही नाही. माझ्या नाकात तेच जंतू. त्याच नऊ नावांपुढे R.
विचारलं, "माझ्याकडून बायकोला गेले, की तिच्याकडून मला आले?"
"ते आता सांगता येणार नाही, काका."
नाकात लावायला मलम दिलं. पाच दिवस लावून पुन्हा तपासायचं. बहुतेकांचे जातात म्हणाले. खात्री देत नाहीत.

२३ नोव्हेंबर
स्नेहलला फोन करून सासरीच राहा म्हणालो. सगळं सांगितलं, डब्याचंही. ती म्हणाली, "आत्याला कधी पाठवताय?"
दुपारी अक्काला पुण्याच्या गाडीत बसवून आलो. एका माणसाचा भात टाकला.