इंद्रधनुष्याला बोट दाखवलं

आई, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता बी.एस्सी. होऊन कशेळ्याच्या पुढे डोंगराकडच्या एका वाडीत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. बाबा आणि दादा पोशीरलाच आहेत, मी कशेळ्यात खोली घेऊन राहते. शाळा सुरू झाल्यापासून मुलं माझ्याशी बोलत नव्हती. त्यांची बोली वेगळी, माझी पुस्तकातली. मी काही विचारलं की सगळी आपल्या पायांकडे बघत बसायची. खोलीवर येऊनही बोलायला कुणी नाही. कधीकधी दिवसभरात मोकळेपणी बोललेलं वाक्य म्हणजे जीपवाल्याला सांगितलेलं, "कशेळ्याला उतरायचंय."

आज शाळा सुटायच्या वेळी मागून ऊन आलं आणि समोरच्या डोंगरावर सर उतरली. सबंध इंद्रधनुष्य उमटलं. मी "बघा रे, बघा!" म्हणत बोट दाखवलं, तर सगळ्यांत लहान मुलीनं माझा हात धरून खाली ओढला.

"बाई, बोट नका दाखवू! सडंल ना ते!"

"असं मुडपून दाखवायचं," दुसरीनं बोट दुमडून दाखवलं.

आणि मला आपल्या घरामागचा वेलाचा मांडव दिसतो. तुझ्या हाताला पीठ आहे, दुधीला नुकतं फळ धरलंय, मी बोट दाखवते आणि तू चापट मारतेस. "मुडप गं बोट! सडवतीस का त्याला?" दुधीचा नियम या पोरांनी थेट आभाळाला लावला होता. तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला आणि इंद्रधनुष्य विरलं.

"सडवलं बाईंनी!"

"शहरातली हाय, तिला काय ठावं?"

"शहरातली नाय रं, पोशीरची हाय."

लहानीचे डोळे भरून आले. थेंब, ऊन, प्रकाश, सगळं माझ्या ओठांवर तयार होतं. पण मी ते बोलले असते तर ती पुन्हा पायांकडे बघत बसली असती, हे मला दिसत होतं. मी पडवीत खाली बसले आणि विचारलं, "मग आता काय करायचं?"

आई, सगळी एकदम बोलायला लागली. त्याचा वेल डोंगराच्या मागं हाय. मूळ ओढ्यात हाय. "आन् खातं कोण त्याला?" "ढग खातो, म्हणून तर फुगतो!" सगळी खिदळली. लहानी डोळे पुसत म्हणाली, "वेल हाय ना, दुसरं धरंल."

ऊन पडलं की सूर्याकडे पाठ करून, तोंडानं पाणी फवारून त्यांना अंगणात इंद्रधनुष्य करून दाखवणार आहे. थेंबांचंही सांगणार आहे, त्यासाठीच तर शिकले. आज नुसतं ऐकलं.

निघताना लहानी माझ्याबरोबर वाडीच्या टोकापर्यंत आली.

"तुमच्या आईनं नाय शिकवलं, बोट मुडपायचं?"

"शिकवलं होतं. विसरले मी."

तिनं जरा विचार केला. "मग घरी सांगू नका तिला. मारंल."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

तू नाहीस, हे मी तिला सांगितलं नाही. जीपपर्यंत चालताना वाटत राहिलं, घरी गेल्यावर मला कुणीतरी ओरडणार आहे. बरं वाटलं.