एकेरीतले देव

थंडीचा महिना, चार तारीख

हुकूम निघाला! आजपासून देवाला कुणी 'रे' म्हणायचं नाही. 'महाराज' म्हणायचं, 'आपण' म्हणायचं, 'उठावं' म्हणायचं. हुकूम काढणारा कोण, तर माझाच लेक. महालाचा कारभारी. लहानपणी माझ्या पदराला नाक पुसायचा, आता शिक्का घेऊन फिरतो.

मी सांगते, सून लिहिते. तिला हसू येतंय. अगं, हस, पण लिही. मला अक्षर येत नसलं तरी हात थांबलेला कळतो. आणि हे कुणाला वाचून दाखवायचं नाही. तुझ्या नवऱ्याला तर नाहीच.

लिही — माझं काम एकच. देवाला उठवणं. सगळ्यांच्या आधी उठायचं, महालात जायचं, त्याच्या पायाचा अंगठा धरून हलवायचा आणि म्हणायचं, ऊठ रे. तो डोळे उघडतो आणि खाली कुंडात पाणी चढतं. एकेक पायरी करत. सगळं शहर त्या पाण्यावर जगतं. ज्याच्या जागं होण्यानं पाणी चढतं तो देव. आमच्याकडे देवाची दुसरी ओळख नाही.

लेक दारातच उभा राहून म्हणाला, "मातोश्री, आपण यापुढे जपून बोलावं."

मातोश्री! मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

पाच तारीख

हुकूम या कानानं ऐकला, त्या कानानं सोडला. "ऊठ रे लखलख्या, उन्हं वर आली." पाणी थेट वरच्या पायरीला. बायका घागरी भरून हसत गेल्या. जिंकले!

सहा तारीख

काढलं मला.

सात तारीख

लखलख्या हे मी ठेवलेलं नाव. मूळचा कल्हईवाला. भट्टीशेजारी डोळा लागला होता, बहिणीनं हाक मारली, "ऊठ रे, निखारे विझले," आणि इकडे कुंड भरलं. लोकांनी त्याला उचललं ते थेट महालात. हातावरची काजळीसुद्धा धुवू दिली नाही, तीर्थ म्हणून पुसून नेली!

पहिल्या वर्षी गुणी होता. मी हाक मारली की म्हणायचा, "मावशी, अजून थोडं." देव असं म्हणतो तेव्हा आतून बरं वाटतं. मग भिंतींना चकचकीत पत्रे लागले. जिकडे बघावं तिकडे तोच. आधी आरशात बघून हसायचा, मग आरशाला मान द्यायला लागला. परवा मी 'ऊठ रे' म्हटलं तर कपाळाला आठी. म्हणाला, या बाईला रीत शिकवा. मला! मी अंगठा धरला नसता तर अजून झोपलाच असता.

माझ्या जागी आता सहाजण. चांदीच्या काठ्या, रेशमी पंचे. बघू.

आठ तारीख

सहाजण ओरडले, "उठावं महाराज!" महाराज उठले. पाणी नाही चढलं.

खिडकीत बसून पाहिलं. हसू नये, पण हसले. मग रिकामी घागर घेऊन सून आली, तेव्हा थांबले.

दहा तारीख

आज नगारे. उद्या म्हणे तोफ. पाणी काही घाबरून चढत नाही.

रिकामपण आहे. सून म्हणते, जुने देव सांगा. सांगते.

माझ्या हाताखालचा पहिला देव गाडीवान. कुंडाच्या पायरीवर आडवा झाला होता. बायको ओरडली, "ऊठ रे, बैल सुटले." पाणी चढलं. बैल गेले ते गेलेच, नवरा गेला महालात. ती बाई मरेपर्यंत म्हणत होती, देव तुम्हाला ठेवा, माझे बैल द्या. आणि तोही भला. रोज डोळे उघडले की आधी मला विचारायचा, सापडले का गं? मग चौकात त्याचा पुतळा बसला. पुतळ्याला कोण 'रे' म्हणणार? पुतळ्याची सवय लोकांना लागली, लोकांची त्याला. एक दिवस पाणी चढलं नाही. त्याला मागच्या दारानं सोडलं. जाताना मला म्हणाला, "येतो गं. आता शोधतो बैल."

मग एक दाई. कुणाचं तरी बाळंतपण उरकून भिंतीला टेकली होती. "ऊठ गं, दुसरीच्या कळा सुरू झाल्या!" पाणी असं चढलं की रस्त्यावर आलं. तिच्या हातून निम्मं शहर जन्मलेलं, त्यामुळे सगळे तिला 'तू' म्हणायचे. फार वर्षं चालली. पुढे महालातल्या बायकांनी 'बाईसाहेब' लावलं. तीही हळूहळू वळून बघायला लागली त्या नावाला. पडली.

देव पडला की नवा सापडेपर्यंत कुंड उतरत जातं. दाईच्या वेळी तळातली शेवाळलेली पायरी दिसली होती. लोक ओठ चाटत बसले होते. ते मला परत बघायचं नाही.

इतकी वर्षं मी समजत होते, देव शिळे होतात. शिळे कुठले! अहो-जाहो होतात.

सुनेनं लेखणी खाली ठेवली. म्हणाली, "आई, हे यांना सांगायला हवं." मी म्हटलं, तुझ्या यांना सांगून बघ. ते तुलाही 'आपण' म्हणतील.

अकरा तारीख

लेक आला. चेहरा उतरलेला. महालाच्या दारावर लोक जमले आहेत, हुकुमावर शिक्का त्याचा आहे. उद्या-परवा पाणी आलं नाही तर आधी त्याला ओढून काढतील. हे त्यानं सांगितलं नाही, सुनेनं सांगितलं. तो फक्त म्हणाला, "मातोश्री, आपण पुन्हा कामावर यावं."

मी म्हटलं, कारभारीसाहेब, आपण बसावं. आपल्याला पाणी दिलं असतं, पण कुंडात नाही.

हसला नाही. पूर्वी असं बोलले की माझ्या मांडीत तोंड खुपसायचा.

मग मी खरं बोलले. येते. आत्ता येते. फक्त नीट बोलाव. 'आई, चल गं' म्हण.

तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. जिभेवर इतक्या वर्षांचा मुलामा बसलाय, एकाएकी कसा निघणार? कपाळाला घाम फुटला त्याला. उठला आणि गेला.

वाईट वाटलं. लिही तसंच. वाईट वाटलं.

बारा तारीख

लखलख्या आला! दुपारी, एकटा, डोक्याला साधं फडकं बांधून. दारात उभा. "मावशी, मला उठव ना."

हट्ट धरायला मी काही कारभारी नाही. माझी चटई टाकली. आडवा झाला, आणि बघता बघता घोरायला लागला. खरी झोप, सोंग नाही. किती दिवसांचा जागा होता कोण जाणे. पोटभर झोपू दिलं. मग अंगठा धरला. "ऊठ रे."

डोळे उघडले. आणि मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतेय म्हणून.

पाणी चढलं का बघायला मी खिडकीकडे गेलेच नाही. कळलं मला. त्यालाही.

वाटलं होतं रडेल. तर काय, गुडघ्यांवर हात ठेवून बसला आणि सुनेच्या भांड्यांकडे बघत राहिला. म्हणाला, "या पातेल्याची कल्हई पार गेलीय. कुणी केली होती?" मी म्हटलं, देवानेच, कल्हईवाला होता तेव्हा. पहिल्यांदा मनापासून हसला.

तेरा तारीख

अंगणात भट्टी पेटली. बहीण भाता ओढतेय, हा भांडी घासतोय. तोंड काळं, दात पांढरे. अख्खी गल्ली भांडी घेऊन उभी. "अरे, माझं आधी!" "ए, तळाला नीट लाव!" चहूकडून 'अरे' आणि 'ए', आणि हा खूश! महालात पत्र्यांच्या मधोमध बसून जेवढा लखलखला नव्हता, तेवढा आज.

देव पडला म्हणून शहर रडतंय. माझ्या अंगणात मात्र माणूस उभा राहिला. पेढेबिढे काही नाहीत, नाहीतर वाटले असते.

चौदा तारीख

नव्या देवाचा शोध! सगळं शहर झोपायला लागलंय. शिंपी कापडाच्या ढिगावर आडवा, बायको हाका मारतेय, ऊठ रे. न्हावी त्याच्याच खुर्चीत लवंडलेला. मास्तर शाळेत झोपले, पोरांना 'रे' म्हणायची मुभा दिली — पोरांनी 'रे'च्या पुढचंही म्हणून घेतलं. पण झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. पाणी फसत नाही.

लेक दारोदार फिरतोय, लोकांना उठवत. मात्र म्हणतो काय? "उठावं." अरे माझ्या बाळा!

पंधरा तारीख

शेवाळलेली पायरी दिसली.

लोकांनी लेकाच्या हातातला शिक्का काढून कुंडात फेकला. टणकन वाजला, म्हणजे बघ पाणी किती. त्याला काही केलं नाही, पण उद्याचं सांगता येत नाही.

सून घरातलं शेवटचं गाडगं मला देत होती. म्हटलं, तू पी. मी या देवांचं पुष्कळ प्यायलेय.

आज अंग जड आहे. आयुष्यभर सगळ्यांच्या आधी उठले. मला कधी कुणी उठवलं नाही. उठवणारीला कोण उठवणार? लहानपणी आई उठवायची, तेवढंच. उद्या उठवायला देवही नाही. झोपते चांगली.

सोळा तारीख

खरंच झोपले. उन्हं अंगावर आली तरी. सुनेनं हाक मारली, "आई, उठा हो." ऐकू आलं, कूस बदलली.

मग कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा धरला. हात थंडगार. आणि आवाज फुटलेला —

"आई, ऊठ ना गं."

लेक! डोळे उघडले.

खाली कुंडावर एकच गलका. सून खिडकीकडे धावली, मग माझ्याकडे वळली आणि नुसतीच बघत राहिली. पाणी वरच्या पायरीला लागलं होतं.

बघतेस काय, लिही. लेकाला सांगितलंय, उद्यापासून रोज यायचं. आणि पुन्हा मातोश्री म्हणालास तर गाव तहानेनं मरेल, बाबा.